रांगोळीतला बांध

नगरपंचायतीनं ‘आपला प्रभाग, आपला आराखडा’ अशी कार्यशाळा घ्यायची ठरवली आणि आमच्या कॉलनीच्या सभेत ‘समन्वयक कोण होणार?’ असा प्रश्न आला, तेव्हा हजर असलेल्या चाळीस माणसांपैकी एकोणचाळीस जणांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. मी मान वर ठेवली. नगरपंचायतीचे लिपिक सहादेव यांनी लगेच माझं नाव लिहून घेतलं आणि पुढे ‘एकमताने’ असंही लिहिलं.

खोटं कशाला बोला, माझा त्यात स्वार्थ होता. स्वार्थाचं नाव पंकजा, म्हणजे माझी बायको. दिवाळीनंतर तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. रोज सपाट जागेवर अर्धा तास चाला, नाहीतर गुडघे आखडतील, असा दम डॉक्टरांनी भरला होता. आता श्रीरामपूरपासून एसटीनं अर्ध्या तासावर असलेल्या आमच्या गावात चालायला रस्ता एकच. सीझन सुरू झाला की त्यावरून दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर जातात, आणि शनिवारी शिंगणापूरला निघालेल्या गाड्या. नव्या गुडघ्यांच्या बाईनं तिथं चालायचं म्हणजे डॉक्टरला पुन्हा कामाला लावायचं. म्हणून पंकजा घरातच चाले, सोफ्यापासून फ्रिजपर्यंत आणि परत. रोज ब्याण्णव फेऱ्या. मला तर फ्रिजही कंटाळलेला दिसायचा.

आणि समोर, आमच्या दारापासून वीस पावलांवर, वीस गुंठ्यांची मोकळी जागा पडून होती. लेआउटच्या कागदावर तिला ‘खुली जागा (बगीचा)’ म्हणतात. प्रत्यक्षात तिच्या मधोमध आसारामची कडब्याची गंजी होती, गंजीशेजारी अंगदचे दोन टेम्पो होते, त्यातल्या एकाला चाकं नव्हती. कोपऱ्यात केशरबाईंच्या शेळ्या आणि उरलेल्या भागात वेडी बाभूळ. या जागेभोवती चालायची वाट व्हावी एवढीच माझी मागणी होती. तिचे गुडघे दुखायला लागल्यापासून सहा वर्षांत चार अर्ज दिले. चारही अर्जांवर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडला आणि ते योग्य त्या ठिकाणी जाऊन पडले.

आसाराम आणि अंगद यांची ओळख आधीच करून देतो, कारण पुढचा सगळा सत्यानाश त्यांनी केला. दोघं चुलत भाऊ, मूळचे तिसगावकडचे. पंधरा वर्षांपूर्वी गावाकडच्या शेताची वाटणी झाली आणि मधल्या बांधावरून जे बोलणं बंद झालं ते आजतागायत. ज्यांनी शेत पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, बांध कोरणे हा आपल्याकडचा फार जुना उद्योग आहे. दर हंगामाला नांगर बांधाला जरासा घासून न्यायचा. शेजाऱ्याला कळू नये इतका, पण दहा वर्षांत नांगराचं एक तास, म्हणजे एक सरी, वाढेल इतका. तर बोलणं बंद असूनही या दोघांनी आमच्या कॉलनीत प्लॉट घेतले ते शेजारीशेजारी. लांब राहिलं तर एकमेकांवर लक्ष कोण ठेवणार?

मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे समन्वयक झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल ते ओळखायला नको. तीन दिवस बसून कॉलनीचा नकाशा काढला. प्रमाण, सूची, दिशादर्शक बाण, सगळं शाई भरून. चालायची वाट हिरव्या तुटक रेषेनं दाखवली. कार्यशाळा घ्यायला पुण्याच्या एका संस्थेच्या स्नेहल नावाच्या ताई आल्या होत्या. वय तीसच्या आत, खांद्याला झोळी, झोळीत रंगीत चिठ्ठ्या. त्यांना मी नकाशा उलगडून दाखवला.

“अप्रतिम आहे सर,” त्या म्हणाल्या, “आपण हा गुंडाळून ठेवू या का?”

“का?”

“तयार नकाशा समोर आला की लोक दबून जातात. नकाशा त्यांच्या आतून यायला हवा.”

“आतून आला तर उत्तर दिशा कुठे येईल?”

“कुठेही येऊ दे सर. इथे चूक-बरोबर असं काही नसतं.”

बाण विसरला म्हणून ज्या माणसानं पोरांचा अर्धा-अर्धा मार्क कापला, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. मी नकाशा गुंडाळला. पंकजाच्या गुडघ्यांसाठी मी आणखीही अपमान गिळायला तयार होतो, आणि ते पुढे वेळेवर येत गेले.

रविवारी सकाळी समाजमंदिरात कार्यशाळा भरली. दारातच सहादेव हजेरीचा कागद घेऊन बसले होते. “आधी सही, सहभाग मागून,” असं ते प्रत्येकाला सांगत होते. पहिला खेळ स्वप्नांचा होता. प्रत्येकानं आपल्या वस्तीबद्दलचं स्वप्न पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं. केशरबाईंना लिहिता येत नाही, म्हणून स्नेहलताई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

“आजी, तुमचं स्वप्न काय?”

“काल पहाटं माझी म्हस आल्ती सपनात,” केशरबाई म्हणाल्या. “मेलेली.”

स्नेहलताईंनी क्षणभर विचार केला आणि चिठ्ठीवर लिहिलं : पशुधनासाठी सुविधा.

दुसरा खेळ टिकल्यांचा. भिंतीवर घरांचे चौकोन काढलेला कागद लावला होता. जिथं त्रास आहे तिथं लाल टिकली लावा, असं त्यांनी सांगितलं. आता आमच्याकडे घरावर लाल खूण केली की दुसऱ्या दिवशी अतिक्रमणवाले जेसीबी घेऊन येतात, एवढं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. त्यामुळे लोकांनी गटार, खड्डे, फुटकी पाइपलाइन, सगळं सोडून दिलं आणि एकमेकांच्या घरांवर टिकल्या लावल्या. आसाराम आणि अंगद यांच्या घरांचे चौकोन तर दिसेनासेच झाले. दोघांच्याही टिकल्या बहुतेक एकमेकांनीच लावल्या होत्या.

आमच्या घरावर अकरा लागल्या. सगळ्यांच्या भल्यासाठी राबणाऱ्या माणसाच्या घरावर अकरा! स्पीकर लावू नका, पाणी रस्त्यावर सोडू नका, असं मी अधूनमधून सांगतो, त्याचं हे फळ. दहा टिकल्या मी समजू शकतो. अकरावी कुणी लावली तेही मला कळलं आहे, कारण तिथपर्यंत काठी टेकत जाणारी बाई हॉलमध्ये एकच होती. आम्ही घरात तो विषय काढत नाही.

मग मुख्य खेळ सुरू झाला. जमिनीवर रांगोळीनं नकाशा काढायचा. रांगोळी घरोघरी निघते, तिची कुणाला भीती वाटत नाही, असं त्यामागचं शास्त्र. बायका उत्साहानं बसल्या. मुख्य रस्ता काढून झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वेलबुट्टी आली. पाण्याच्या टाकीचं कमळ झालं. उत्तर दिशा पश्चिमेला गेली होती, पण मी हात मागे बांधून घेतले. मधोमध मोकळी जागा काढली होती, चांगली सतरंजीएवढी. ती पाहून मला खरंच आशा वाटली.

तेवढ्यात स्नेहलताई म्हणाल्या, “आता प्रत्येकानं आपापली जागा दाखवा. कागदावरची नको. जशी वापरता तशी.”

या ‘जशी वापरता तशी’नं आमचा घात केला. आसारामनं पुढं होऊन आपल्या घराची मागची रेघ काढली ती मोकळ्या जागेत वीतभर आत. गंजी वापरातच होती ना. अंगदनं त्याच्या शेजारी दोन टेम्पोंसकट आपली रेघ काढली. दोघं उठून उभे राहिले. अंगद कंबरेवर हात ठेवून हॉलचं छत न्याहाळू लागला. छत न्याहाळता न्याहाळता त्याच्या उजव्या पायाचा अंगठा रांगोळीवरून हळूच फिरला आणि दोघांमधली रेघ चार बोटं पलीकडे गेली.

“मास्तर,” आसाराम म्हणाला, “ही रेघ हालली.”

“रांगोळी आहे. वाऱ्यानं हलली असेल.”

“खिडक्या लावल्यात. वारा आला कुठून? अन् आला तर माझ्याच अंगाला सरकतो व्हय?”

“मास्तर, त्यास्नी सांगा,” अंगद छताकडे बघत म्हणाला, “म्या पाय बी लावला न्हाई.”

“मास्तर, त्यास्नी इचारा, मंग अंगठा पांढरा कशानं झाला?”

दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते आणि मी त्यांच्यामध्ये टेलिफोनसारखा लागलो होतो. शेवटी आसारामनं खाली वाकून रेघेला हात लावला, आणि असा ओरडला की चहा ओतणारा थांबला. “बांध कोरला! नगरपंचायतीच्या देखत बांध कोरला ह्यानं!”

हॉलमधल्या प्रत्येक माणसाला त्या आरोळीचा अर्थ कळला. एकट्या स्नेहलताईंना कळला नाही. त्यांनी फळ्यावरच्या कागदावर लिहिलं : बांध – जलसंधारणाची गरज?

मग काय विचारता. या दोघांनी जागा घेतली तर आपण का मागे राहायचं, असं चारी बाजूंच्या घरांना वाटलं. कुणी ओटा पुढे आणला, कुणी पायऱ्या, कुणी धुण्याचा दगड. निवृत्त, सुशिक्षित, घरी वर्तमानपत्र घेणारी माणसं गुडघ्यांवर बसून फुंकरीनं रांगोळी सरकवत होती. सतरंजीएवढी मोकळी जागा उशीएवढी झाली, मग ताटाएवढी. “बघा सर, किती ओनरशिप आहे यांच्यात!” स्नेहलताई आनंदानं म्हणाल्या. ओनरशिप हेच तर मूळ दुखणं होतं, पण ते त्यांना कोण सांगणार?

इतक्यात आपल्या शेळ्यांची जागा पुसली गेल्याचं केशरबाईंच्या ध्यानात आलं. त्या ताडकन उठल्या, नकाशावरून चालत गेल्या आणि उरलेल्या ताटाएवढ्या जागेवर मांडी घालून बसल्या. “आता सरकवा कोन सरकवतो ते,” त्या म्हणाल्या. “मी उठनार न्हाई.”

सहादेवनी खुर्चीवर चढून वरून फोटो काढला. “झालं, पोहे घ्या,” असं जाहीर केलं. पोह्यांच्या ताटल्या ठेवायला खाली काहीतरी हवं होतं. माझा गुंडाळलेला नकाशा जाड कागदाचा होता. हिरव्या तुटक रेषेवर लिंबाच्या फोडी ठेवल्या होत्या, आणि मी त्यातलीच एक उचलून माझ्या पोह्यांवर पिळली.

तीन आठवड्यांनी नगरपंचायतीच्या फलकावर प्रारूप आराखडा लागला. तो करणाऱ्यानं सहादेवचा फोटो समोर ठेवून रांगोळी जशीच्या तशी उतरवली होती. मोकळी जागा नव्हती. चारी बाजूंची घरं मध्यभागी येऊन एकमेकांना टेकली होती. बरोबर मध्यभागी एक लहान गोल होता आणि सूचीत त्याचा खुलासा होता : ‘अस्तित्वातील बांधकाम, जुने.’ मी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. त्या केशरबाई होत्या.

खाली ओळ होती, ‘नागरिकांच्या सहभागातून, एकमताने.’ त्याखाली समन्वयक म्हणून माझी सही, हजेरीच्या कागदावरची.

घरी येऊन पंकजाला सांगितलं. ती तेव्हा फ्रिजपाशी पोचली होती. “म्हणजे आधी कागदावर तरी जागा होती,” ती म्हणाली, “ती तुम्ही घालवलीत.” आणि सोफ्याकडे वळली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत होती. मी दुसऱ्याच दिवशी हरकत दिली. सुनावणीला बोलावणं आलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कागद वाचले, पुन्हा वाचले. “हरकत घेणारे तुम्ही?”

“होय.”

“आणि ज्यांच्यावर हरकत आहे ते समन्वयक?”

“तेही मीच.”

साहेब नियमाला धरून चालणारे होते. हरकतदाराचं म्हणणं ऐकून समन्वयकाचा खुलासा घेतल्याशिवाय त्यांना पुढे जाता येईना. मी उजवीकडच्या खुर्चीत बसून हरकत मांडली आणि तिथूनच खुलासा सुरू केला, तर सहादेवनी माझी बाही ओढली. “उठा सर. खुलासा त्या बाजूला असतो.” मी उठून डाव्या खुर्चीत गेलो आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगितलं की झाल्या प्रकाराबद्दल समन्वयकास खेद आहे. सहा वेळा या खुर्चीतून त्या खुर्चीत झालो. पंकजापेक्षा त्या दिवशी मीच जास्त चाललो.

अखेर साहेब जागा बघायला आले. मोजणीवाला आला, मूळ लेआउट काढला गेला आणि मोकळ्या जागेच्या चारी बाजूंनी चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारून जागोजाग दगड पुरले. अंतिम निर्णय होईपर्यंत साहेबांनी हुकूम दिला : जैसे थे. रेघेच्या आत कुणी बोटभरही सरकायचं नाही. अंतिम निर्णय कधी, असं मी विचारलं. “होईल,” असं म्हणून ते गाडीत बसले. गंजी तिथंच, टेम्पो तिथंच. मी पुरता हताश होऊन घरी आलो.

पण ही रेघ आसाराम आणि अंगद या दोघांच्याही परसदारामागून गेली होती, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आसाराम रेघ तपासायला निघाला. अंगदनं रात्रीतून सरकवली तर? सव्वासहाला अंगद निघाला, कारण आसाराम निघालेला त्यानं पाहिलं. शिवाय दोघांना नजर ठेवायची होती ती फक्त एकमेकांवर नाही, बाकीच्या तिन्ही बाजूंवरही. म्हणून पूर्ण वेढा. एकाच्या मागून दुसरा चालला तर बोलायची वेळ यायची, म्हणून आसाराम उजवीकडून फिरे आणि अंगद डावीकडून. दर वेढ्याला दोनदा समोरासमोर येत, आणि दोन्ही वेळा दोघं आकाशाकडे बघत. संध्याकाळी पुन्हा तेच.

आठवड्यात गवत दबलं. बाभळीच्या आडून रेघ दिसत नाही म्हणून आसारामनं कडेच्या सगळ्या बाभळी तोडल्या. झाडांविषयी आदेशात काही नव्हतं. खड्ड्यात पाणी साचून रेघ वाहून जाईल म्हणून अंगदनं चाकं असलेल्या टेम्पोतून मुरूम आणून टाकला आणि धुम्मसानं ठोकला. महिनाभरानं मी ओट्यावर चहा पीत होतो. समोर मोकळ्या जागेच्या कडेनं, चारी बाजूंनी, तीन हात रुंदीची, सपाट, मुरमाची वाट झाली होती. माझ्या पोह्यांखालच्या नकाशात होती अगदी तशी. आणि त्यासाठी कुणी एक चिठ्ठी लिहिली नव्हती!

पंकजा दारात आली. तिनं थोडा वेळ बघितलं, काठी घेतली आणि म्हणाली, “मीपण रेघ बघून येते.”

पहिल्या दिवशी तीन वेढे. परत आली तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती. पंधरा दिवसांत काठी घरी राहिली. नव्या गुडघ्यांनी, मोकळ्या हवेत, समोरून येणाऱ्या आसारामला “काय, हलली का?” असं विचारत ती चालायची, आणि मी ओट्यावर बसून बघायचो. मला भरून यायचं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोला चालताना बघणं एवढं सुखाचं असतं हे कधी कळलं नव्हतं.

मग स्नेहलताईंचा फोन आला.

“सर, गुड न्यूज! दुसऱ्या टप्प्यात आपण संवाद-सत्रं घेतोय. आसारामकाका आणि अंगदकाकांशी मी वेगवेगळी बोलले. आसारामकाका म्हणाले, आता बस झालं. अंगदकाकासुद्धा रडले. रविवारी समेट!”

मी अभिनंदन केलं. काय करणार? माणसाने माणसाशी समेट करावा असं मीही पोरांना शिकवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कुणीच आलं नाही. संध्याकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी केशरबाईंनी वाटेवर खुंट ठोकून शेळ्या बांधल्या. चौथ्या दिवशी कुणीतरी पडक्या भिंतीच्या विटा आणून टाकल्या. पंकजा अर्ध्या वेढ्यावरून परत आली, बूट काढले आणि सोफ्यापासून फ्रिजकडे निघाली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणजे तोंडासमोर धरलं होतं. मागून एक, दोन, तीन अशा फेऱ्या ऐकू येत होत्या.

समेटाचा आदला दिवस शनिवार. दुपारी अडीच वाजता कॉलनी झोपलेली असते. मी, राज्य शासनाचा निवृत्त भूगोल शिक्षक, जनगणनेच्या दोन पदकांचा मानकरी, प्रभाग समन्वयक, चप्पल हातात घेऊन मोकळ्या जागेत गेलो. इकडेतिकडे पाहिलं. मग आकाश न्याहाळत उजव्या अंगठ्यानं अंगदच्या परसामागची फक्की चार बोटं त्याच्या घराकडे सरकवली. तिथून आसारामच्या परसामागे गेलो आणि तिथलीही सरकवली, तेवढीच. पक्षपात मला शिक्षक म्हणून कधी जमला नाही.

घरी येऊन निजलो. झोप कसली येते?

पाच वाजता बाहेरून आरोळी आली. “मास्तर! अवो मास्तर! बांध कोरला!” आणि लगोलग दुसरी, “मास्तर, त्यास्नी इचारा, आमचा कोनी कोरला!” मग दोन माणसांच्या चालण्याचा आवाज, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि केशरबाईंचा, शेळ्या सोडतानाचा.

मी गडबडीनं उठून दाराकडे निघालो. पंकजा सोफ्याच्या टोकाला बूट घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली माझ्या पायाकडे पाहिलं आणि टेबलावरचा ओला फडका माझ्याकडे सरकवला.

“आधी अंगठा पुसा,” ती म्हणाली, आणि बुटाची नाडी बांधू लागली.